दोऱ्याचं माप

घरच्या घरी अंगठीचं माप घेणं म्हणजे दोन मिनिटांचं काम, असं मीही समजत होते. मुलाच्या साखरपुड्यात ती समजूत गेली. भरल्या हॉलमध्ये अंगठी होणाऱ्या सुनेच्या बोटाच्या मधल्या सांध्यावर अडली, ती पुढे सरकेना. मुलगा जोर लावायला गेला, तर तिच्या डोळ्यांत पाणी. शेवटी तिनंच हसून ती करंगळीत घातली. विहीणबाई मात्र ओशाळल्या, कारण माप त्यांच्या घरून आलं होतं.

खरी चूक माझी. आम्ही डोंबिवलीला, ते कल्याणला. मध्ये एक ठाकुर्ली. तिला घेऊन सोनाराकडे जायचं सोडून गर्दीच्या निमित्तानं मी फोनवर माप मागवलं. जानेवारीतल्या गार सकाळी तिनं शिवणाचा दोरा बोटाच्या बुडाशी गुंडाळला आणि मोजला. ५१ मिलिमीटर. साखरपुडा होता मे महिन्यातल्या दुपारी!

आपल्याकडे अंगठीचा नंबर म्हणजे साधारणपणे आतल्या घेराच्या मिलिमीटरमधून ४० वजा. म्हणजे तिचा ११ झाला. लागत होता १४. घेरात तीन मिलिमीटरचा फरक, व्यासात जेमतेम एक. तेवढ्यावर अडलं.

आणि ते सोनं माझ्या आईच्या वेढण्याचं होतं. वेढणं म्हणजे सोन्याच्या तारेचे वेढे. बोटाप्रमाणे थोडं सैल-घट्ट करता येई. तेच मोडून मी ही अंगठी घडवली होती.

दोरा ताणला जातो आणि मांसात रुततो, म्हणून माप कमी येतं. त्यापेक्षा अंगठीच्या पट्टीइतकीच रुंद, जाडसर कागदाची पट्टी घ्यावी. ती बोटाभोवती गुंडाळून, जिथे टोक येतं तिथे पेन्सिलीची खूण करावी. मग फूटपट्टीवर मोजावी. मात्र पट्टीच्या कडेपासून नव्हे, शून्याच्या रेघेपासून. कंपासपेटीतल्या पट्टीला कडेला रिकामी जागा असते, तिथे पुष्कळ जण फसतात. आता त्या मापाचं कागदी कडं चिकटवून सांध्यावरून सरकवून बघा. किंचित फिरवून जायला हवं. हे सकाळी, दुपारी आणि रात्री असं तीनदा करावं. गर्दीच्या लोकलमधून घामाघूम उतरल्यावर किंवा गार पाण्यात भांडी घासल्यावर नको. माप त्याच हाताचं घ्यावं. उजव्या-डाव्यात फरक असतो. पट्टी रुंद असेल तर नंबर थोडा मोठा लागतो.

मुलगी परदेशात असेल तर नंबर विचारूच नका, मिलिमीटर विचारा. अमेरिकेतला ६ म्हणजे आपला जवळपास १२.

साधी अंगठी वाढवता येते. सगळीकडून खडे असतील तर अवघड. कापताना आतली हॉलमार्कची खूण वाचवायला सोनाराला सांगावं. एप्रिल २०२३ पासून तिथे सहा अंक-अक्षरांचा क्रमांकही असतो.

आमची अंगठी सोनारानं मागून कापली. वेढण्याचा उरलेला इवलासा तुकडा मी डबीत ठेवला होता, तोच मध्ये भरून डाग दिला. सांधा डोळ्यांना दिसत नाही, नखाला मात्र लागतो. ती अंगठी घालूनच सून रोज ठाण्याला कामावर जाते.