उद्यांचें यंत्र



हातीं आलेलें स्थळ चांगलें आहे, पण आणखी दोन महिने थांबलों तर याहून चांगलें सांगून येईल, या आशेनें ज्यांनीं चार-चार वर्षें पत्रिका चाळल्या अशीं कुटुंबें आपणां सर्वांच्या पाहण्यांत आहेत. हल्लीं हाच विचार संगणकाच्या बाबतींत करणारीं माणसें घरोघर आढळतात. फरक इतकाच कीं, स्थळाकडचीं माणसें वय थोडें लपवीत तरी असत. संगणकाचें मात्र तसें नाहीं. आजचा संगणक जुना केव्हां ठरणार आणि त्याच्या जागीं नवा कोणता येणार, हें कारखानदार आपण होऊन चार-सहा महिने आधीं सांगून ठेवतात. मग खिशांत पैसे असूनहि मनुष्य दुकानाच्या दारांतून परत फिरतो. या परत फिरण्याविषयीं आज मला बोलावयाचें आहे. आणि तेंहि विशेषतः मांडीवर घेण्याच्या त्या पातळ, हलक्या संगणकाविषयीं, ज्याला 'अल्ट्राबुक' हें नांव मिळालें.

हें नांव फार जुनें नाहीं. २००८ च्या जानेवारींत सॅन फ्रॅन्सिस्को येथें ॲपल कंपनीच्या स्टीव्ह जॉब्स यांनीं कागदी लखोट्यांतून एक संगणक बाहेर काढून सभेस दाखविला. वजन सुमारें १.३६ किलो, बाहेरचीं उपकरणें जोडण्यास यू.एस.बी.चें एकच छिद्र, तबकडी घालण्यास जागाच नाहीं, आणि किंमत १,७९९ डॉलर! पुष्कळांनीं त्याची थट्टा केली. परंतु वारें फिरलें. २०११ च्या मे महिन्याच्या अखेरीस तैपेई येथील प्रदर्शनांत इंटेल कंपनीनें अशाच पातळ यंत्रांचा एक स्वतंत्र वर्ग जाहीर केला आणि त्याचें बारसें 'अल्ट्राबुक' असें केलें. जाडी २० मिलिमीटरांच्या आंत आणि किंमत हजार डॉलरांच्या आंत, अशी मूळ कल्पना होती. त्याच वर्षीं ऑगस्टांत या कामासाठीं इंटेलनें ३० कोटी डॉलरांचा निधि उभा केला. म्हणजे नांव इंटेलचें, आंतील प्रोसेसर इंटेलचा, आणि यंत्र बांधणारे मात्र निरनिराळे कारखानदार, अशी ही मांडणी होती. मांडव एकाचा आणि पंगती अनेकांच्या, असें म्हटलें तरी चालेल.

आतां या पंगतींत आधीं बसलेल्यांस काय मिळालें आणि मागाहून बसलेल्यांस काय मिळालें, तें पाहूं. २०११ च्या ऑक्टोबरांत आसूस कंपनीचें झेनबुक बाजारांत आलें. दिसावयास देखणें, पण १३.३ इंची पडद्यावर ठिपके १६०० गुणिले ९००, बाजूनें पाहिलें कीं रंग बदलत, आणि कळांच्या खालीं उजेड नाहीं. पुढच्याच वर्षीं त्याच आकाराचें नवें झेनबुक निघालें. त्यांत ठिपके १९२० गुणिले १०८०, रंग कोठूनहि सारखे, आणि कळांना उजेड. ज्यांनीं आठ-दहा महिने कळ सोसली त्यांचें खरोखरच भलें झालें. २०१३ च्या जूनमध्यें इंटेलचे चौथ्या पिढीचे प्रोसेसर आले, तेव्हांहि असेंच झालें. ॲपलच्या १३ इंची यंत्राची एका भरणीवर चालण्याची मुदत कंपनीच्या सांगण्याप्रमाणें ७ तासांवरून एकदम १२ तासांवर गेली.

येथवर ऐकून कोणी म्हणेल कीं, मग थांबणाराच शहाणा! इतकी घाई करूं नये. २०१३ सालीं थांबलेल्यांना पुढची पिढी २०१४ च्या मध्यास मिळावयाची होती. परंतु नव्या चिपांच्या निर्मितींत दोष अधिक निघूं लागले आणि काम मागें पडलें. लॅपटॉपांत बसणारे नेहमींचे प्रोसेसर जाहीर झाले ते २०१५ च्या जानेवारींत. आणि उशिरां येणारी वस्तु अधिक चांगलीच असते असाहि नियम नाहीं. लेनोव्होच्या थिंकपॅड एक्स-वन कार्बन या नांवाजलेल्या यंत्राची २०१४ ची आवृत्ति घ्या. कळफलकाच्या वरच्या ओळींतल्या खऱ्या कळा काढून तेथें स्पर्शानें चालणारी एक गुळगुळीत पट्टी बसविली होती. लोकांनीं इतकी कुरकुर केली कीं २०१५ सालीं खऱ्या कळा परत आल्या. ॲपलनें २०१५ सालीं अगदी उथळ दाबाच्या, फुलपाखराच्या पंखांसारख्या यंत्रणेच्या कळा आणल्या. कळा अडकतात अशा तक्रारी वाढल्यावर २०१८ सालीं त्या फुकट दुरुस्त करून देण्याची योजना कंपनीस जाहीर करावी लागली, आणि २०२० पर्यंत ती जात बंदच झाली. २०१५ सालचें डेलचें एक्स.पी.एस. १३ हें यंत्र सर्वांनीं वाखाणलें, कारण पडद्याभोंवतालची चौकट जवळजवळ नाहींशी झाली होती. पण चौकटच नाहीं म्हटल्यावर कॅमेरा बसवावयाचा कोठें? तो पडद्याच्या खालच्या कोपऱ्यांत गेला, आणि समोरच्या माणसास बोलणाराच्या चेहऱ्याऐवजीं नाकपुड्यांचें दर्शन घडूं लागलें!

थांबलें कीं भाव उतरतात, ही समजूतहि पुष्कळांची असते, आणि ती बरींच वर्षें खरी होती. तथापि २०२५ च्या अखेरीस स्मृतीच्या, म्हणजे मेमरीच्या, चिपांचे भाव उलट भराभर चढले, कारण कृत्रिम बुद्धिमत्तेच्या अजस्र यंत्रशाळांनीं तो माल उचलला. त्या वेळीं भाव उतरण्याची वाट पाहत बसलेल्यांस तेंच यंत्र महाग घ्यावें लागलें.

माझे एक स्नेही आहेत. तेहि निवृत्त शिक्षक. तांबट, कुंभार आणि साळी यांच्या तोंडचे धंद्याचे शब्द त्यांनीं वर्षानुवर्षें हिंडून गोळा केले. अकरा वह्या भरल्या. २०१२ सालीं त्यांनीं ठरविलें कीं, हे शब्द संगणकावर चढवावे, अकारविल्हे लावावे, आणि मग ज्या शब्दांबद्दल शंका निघतील ते घेऊन त्या त्या कारागिराकडे पुन्हां जावें. योजना उत्तम होती. एकच शब्द दोन वह्यांत दोन अर्थांनीं आला असेल, तर तें यादी लागल्यावांचून कळत नाहीं. पण यंत्र कोणतें घ्यावें? पहिल्या वर्षीं ते म्हणाले, चांगला पडदा स्वस्त होऊं दे. दुसऱ्या वर्षीं म्हणाले, आतां बॅटरी सुधारणार आहे. ती सुधारली, तेव्हां त्याच्याहि पुढची पिढी दारांत उभी आहे असें वृत्तपत्रांत आलें, आणि ती दारांतच वर्षभर उभी राहिली. २०१५ सालीं त्यांनीं यंत्र घेतलें. तें फार सुंदर आहे, अजून चालतें. परंतु ज्या तीन वृद्ध तांबटांनीं त्यांना शब्द सांगितले होते त्यांतले दोघे तोंवर वारले होते, आणि तिसऱ्यास ऐकूं येईनासें झालें होतें. त्या वह्यांच्या समासांत पेन्सिलीनें केलेलीं प्रश्नचिन्हें मीं पाहिलीं आहेत. तीं पुसावयाचीं कोणी? प्रोसेसरच्या कोणत्या पिढीची आतां वाट पाहावी?

म्हणून मला असें वाटतें कीं, यंत्राच्या गुणांची यादी करण्याच्या आधीं, तें नसल्यामुळें आज कोणतें काम अडलें आहे याचा विचार करावा. कांहींच अडलें नसेल तर खुशाल थांबावें. त्यांत मौज आहे, आणि वर्तमानपत्रांतलीं वर्णनें वाचण्यास पैसेहि पडत नाहींत. अडलें असेल तर मात्र येणाऱ्या यंत्रांत त्या अडलेल्या कामाच्या उपयोगाचें असें काय आहे, आणि त्याची तारीख छापील आहे कीं कानगोष्टीची, एवढेंच पाहावें. पुष्कळ घरांना तर थांबण्याची मोकळीकच राहिलेली नाहीं. विंडोज १० या प्रणालीची नेहमींची देखभाल २०२५ च्या १४ ऑक्टोबरला संपली. घरगुती वापरासाठीं एका वर्षाची वाढीव सोय जाहीर झाली खरी. पण विंडोज ११ साठीं इंटेलचा साधारणतः आठव्या पिढीचा किंवा नंतरचा प्रोसेसर लागतो, आणि जुनीं यंत्रें तेथें अडतात. ज्यांना बँकेचे व्यवहार संगणकावर करावयाचे आहेत त्यांनीं देखभाल संपलेल्या यंत्रावर 'पुढच्या दिवाळीस पाहूं' असें म्हणत बसणें धोक्याचें आहे. लिनक्ससारखी विनामूल्य प्रणाली घालून जुनें यंत्र चालू ठेवतां येतें. घरांत एखादा जाणता मुलगा असेल तर तो मार्ग वाईट नाहीं.

आतां गुणांविषयीं. जाहिरातींत प्रोसेसरच्या वेगाचा डंका सर्वांत मोठा असतो. पत्र लिहिणें, वाचणें, नातवाशीं परदेशीं बोलणें, एवढ्या कामांस आजचा कोणताहि मध्यम प्रोसेसर पुरून उरतो. शिवाय पातळ पातेलें लवकर तापतें, हें प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. पातळ संगणकाचेंहि तसेंच. जाहिरातींतला वेग पहिलीं कांहीं मिनिटें टिकतो. मग अंग तापलें कीं यंत्र आपण होऊन मंदावतें.

बॅटरीचा हिशेब चौथीच्या मुलास जमेल असा आहे. बॅटरींत किती वॅट-तास सांठतात आणि यंत्र किती वॅट खातें, एवढेंच पाहावयाचें. ५० वॅट-तासांची बॅटरी आणि ५ वॅटांचा खर्च असेल तर १० तास. पडद्याचा उजेड वाढविला, चित्रपट लावला, आणि खर्च १० वॅटांवर गेला, कीं तेच ५ तास. अमुक इतके तास चालतें असें विक्रेता सांगूं लागला कीं त्यास वॅट-तास किती, एवढेंच विचारावें. आणि दुसरें हें विचारावें कीं, चार वर्षांनीं बॅटरी थकली म्हणजे ती बदलतां येईल काय. कारण लिथियमची बॅटरी वापरानें थकतेच.

स्मृतीच्या बाबतींत मात्र सावध असावें. जुन्या लॅपटॉपांत स्मृतीची पट्टी मागाहून वाढवितां येत असे. बहुतेक पातळ यंत्रांत ती मूळ फलकावर डाख देऊन पक्की केलेली असते. (हा 'डाख' शब्द माझ्या स्नेह्यांच्या वह्यांत आहे, आणि तो आजच्या कारखान्यांतहि तितकाच खरा आहे.) २०२४ च्या सप्टेंबरांत आलेल्या इंटेलच्या एका मालिकेंत तर स्मृति प्रोसेसरच्याच पाटावर शेजारीं बसविलेली होती: १६ किंवा ३२ गिगाबाइट, त्यापुढें नाहीं. म्हणजे घेतांना जी स्मृति घ्याल तीच जन्माची. पैसे कोठें जास्त घालावयाचे असतील तर येथें घालावे. बाहेरच्या जोडण्या कमी असल्या तर जोडदोरा मिळतो. त्याची मी फारशी चिंता करीत नाहीं.

पण ज्यांना मराठींत लिहावयाचें आहे त्यांनीं दोन गोष्टी इतर सर्व गोष्टींच्या आधीं पाहाव्या. त्या जाहिरातींत कोणी सांगत नाहीं. पहिली पडद्याची. इंग्रजी अक्षरें सुटीं उभीं असतात. आपल्या अक्षरांना वर मात्रा, खालीं उकार, आणि पोटांत जोडाक्षरें. १३.३ इंची पडद्यावर १३६६ गुणिले ७६८ ठिपके असले तर इंचाला सुमारें ११८ ठिपके पडतात; १९२० गुणिले १०८० असले तर सुमारें १६६. पहिल्यांत 'द्ध' आणि 'द्य' यांतला भेद ओळखण्यास चष्मा पुसावा लागतो. माझ्यासारख्या, अनुस्वार सोडावयास तयार नसलेल्या माणसास तर ठिपक्यावर ठिपका हिशेबानें मोजून घ्यावा लागतो.

दुसरी गोष्ट कळफलकाची. इन्स्क्रिप्ट या प्रमाण मांडणींत स्वर डाव्या हाताखालीं आणि व्यंजनें बहुतेक उजव्या हाताखालीं येतात. त्यामुळें इंग्रजींत जेथें चौकटी कंस असतो तेथें आपला 'ड' असतो; अर्धविरामाच्या कळेवर 'च', आणि अवतरणचिन्हाच्या कळेवर 'ट'. इंग्रजीच्या लेखकास या उजव्या कडेच्या कळा क्वचित् लागतात, म्हणून यंत्र आंखूड करतांना कारखानदार अनेकदां त्यांनाच चिमटा घेतो. मराठींत 'च' वांचून एक वाक्य धड पुरें होत नाहीं! चा, ची, चे, आणि जोर देण्याचा 'च', सगळा भार त्या एका अरुंद कळेवर.

तेव्हां दुकानांत गेल्यावर विक्रेत्यास सांगून यंत्रावर मराठी कळफलक सुरू करून घ्यावा, खुर्ची मागून घ्यावी, आणि 'चटचट' व 'डळमळीत' हे दोन शब्द दहा-दहा वेळां टंकून पाहावे. तो आश्चर्यानें पाहील, पाहूं द्यावें. दहा वेळां टंकूनहि बोट शेजारच्या कळेवर घसरत असेल, तर तें यंत्र कालच आलेलें असो कीं गेल्या वर्षींचें, तेथेंच ठेवून पुढच्या मेजाकडे वळावें.