स्नायू, चरबी आणि रात्रपाळी

स्नायूंत मोड आणि बांधणी अखंड चालू असते. यातली कोणती बाजू वरचढ होईल, हे बऱ्याच अंशी संप्रेरकांवर ठरते. टेस्टोस्टेरॉन प्रथिनांची बांधणी वाढवते, स्नायुतंतूंना लगटून असलेल्या उपग्रह पेशींना जागे करते. वाढीचे संप्रेरक यकृताकडून आयजीएफ-१ हा वाढीला चालना देणारा घटक तयार करवून घेते. इन्सुलिन मोड आवरते. कॉर्टिसॉल मात्र स्नायूंतली प्रथिने मोडून त्यांची साखर करायला लावते. ते दीर्घकाळ चढे राहिले की पोटात चरबी साठते.

हा विषय घेऊन भोसरी-चाकणच्या या कामगारपट्ट्यात आलेल्या डॉक्टरांचे, आहारतज्ज्ञांचे, तालमींच्या वस्तादांचे आणि कामगार बंधू-भगिनींचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. विषयाचे मूळही इथून जवळच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ मध्ये पुण्याजवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोंची. इथल्या बाळांचे स्नायू कमी, पण पाठीच्या कातडीखालची चरबी मात्र जवळजवळ तेवढीच. लंडनच्या बाळांशी तुलना केली तेव्हा पुण्याच्या बाळांच्या नाळेतील रक्तात इन्सुलिनही जास्त आढळले. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ने याज्ञिक आणि ब्रिटिश डॉक्टर जॉन युडकिन यांचे छायाचित्र छापले. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३; चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिक यांची २१.२. वजनकाट्यावर विसंबणाऱ्या प्रत्येक आरोग्य तपासणीने हे आकडे डोळ्यांसमोर ठेवावेत.

अशा कमी स्नायूंच्या, जास्त चरबीच्या देहावर रात्रपाळीचा भार पडतो. टेस्टोस्टेरॉन झोपेत चढते, वाढीचे संप्रेरक गाढ झोपेत स्रवते. थर्ड शिफ्टहून परतलेल्याची दिवसाची झोप तर बहुधा तुटकच. २०११ च्या एका प्रयोगात आठवडाभर रोज पाचच तास झोपलेल्या निरोगी तरुणांचे दिवसाचे टेस्टोस्टेरॉन १० ते १५ टक्क्यांनी घटले. दुसऱ्या प्रयोगात वजन घटवण्याचा आहार तेवढाच ठेवून झोप कमी केली, तेव्हा घटलेल्या वजनात चरबीचा वाटा कमी झाला आणि स्नायूंसह इतर ऊतींचा वाढला.

जिममध्ये मिळणाऱ्या टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनचा मोह यातूनही वाढू शकतो. बाहेरून घेतलेल्या टेस्टोस्टेरॉनने स्नायू वाढतात, हे १९९६ मध्ये शलेंदर भसीन यांच्या प्रयोगाने दाखवले. पण बाहेरचा पुरवठा मिळताच मेंदूतील पीयूषिका ग्रंथी वृषणांना आदेश देणे थांबवते. शुक्राणू घटतात, वृषणे आकसतात आणि औषध सोडल्यावरही पूर्ववत व्हायला कित्येक महिने लागतात.