आधी नळ सोडून बघा

(तरुणांच्या बैठकीतलं भाषण)



मी काही भाषण करायला उभा नाही. माझे ६० हजार रुपये कसे बुडाले ते सांगायला उभा आहे.

मी वरळीच्या बीडीडी चाळीत वाढलो. १६० चौरस फुटांची खोली, माणसं ९. लग्न झालं आणि कल्याणला भाड्याची जागा शोधू लागलो. ७ घरं पाहिली. पाहिली कसली, त्या घरांनीच मला पाहिलं. नाव सांगितलं की, 'आडनाव?' आडनावावरून कळलं नाही की, 'गाव कुठलं? मटण-मच्छी खाता काय?' आणि शेवटी, 'आत्ताच दुसऱ्याला शब्द दिलाय हो.' चपला काढायचीसुद्धा वेळ आली नाही.

आठव्या मालकानं काहीच विचारलं नाही. चावी हातात ठेवली. आणि मी, मोर्च्यात घसा फोडणारा माणूस, उपकारानं असा वाकलो की साधा नळ सोडून बघितला नाही. भिंतीला ताज्या रंगाचा वास येत होता. म्हटलं, वा, आपल्यासाठी रंगवलंय! जून लागला आणि रंगाचे पोपडे सुटले. आतली भिंत ओलीनं नासलेली. पाणी दिवसातून २० मिनिटं. मोरीतलं पाणी जाळीकडं जायच्या ऐवजी स्वयंपाकघरात. ११ महिन्यांनी जागा सोडली तर मालक म्हणतो, 'भिंत तुम्हीच खराब केली.' सगळं डिपॉझिट गिळलं. दिलं होतं रोख, पावती नाही, करार नोंदवलेला नाही. कुठल्या तोंडानं भांडणार?

हे वाकणं येतं कुठून? १९१७ साली बाबासाहेब बडोद्याला नोकरीवर गेले. न्यूयॉर्क, लंडनला शिकून आलेले. जागा मिळेना म्हणून पारशी नाव सांगून पारश्यांच्या उतारशाळेत राहिले. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दारात. पुढं घटना आली. तिच्या १५ व्या कलमात दुकान आहे, हॉटेल आहे, विहीर आहे, रस्ता आहे. भाड्याच्या खोलीचं नाव त्या यादीत नाही. म्हणून कुणी 'हो' म्हटलं की आपण विरघळतो, आणि मालकाला तेच पाहिजे असतं. अरे, भाडं मोजतो आपण! धर्मादाय नाही तो.

तेव्हा घर बघायला एकटे जाऊ नका. दिवसा जा, उजेडात. आधी नळ सोडा. पाणी किती वाजता येतं ते मालकाला नाही, शेजारणीला विचारा. मोरीत बादली ओतून पाणी कुठं जातं बघा. छताचे कोपरे, खिडकीखालची भिंत हातानं चाचपा. नवा रंग दिसला तर जास्तच चाचपा. प्रत्येक बटण दाबा. विजेचं मागचं बिल मागा, थकबाकी बघा, मीटरचा आकडा लिहून घ्या. बाबासाहेबांच्या फोटोला खिळा मारू देणार का, तेही तिथंच विचारा. मग प्रत्येक भिंतीचा मोबाईलवर फोटो काढा. काय मोडकं आहे त्याची यादी करून दोघांच्या सह्या घ्या. पैसे बँकेतून द्या.

आणि करार नोंदवायला लावा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, कलम ५५. करार लेखी करून नोंदवायची जबाबदारी मालकाची. नोंदवला नाही तर अटींबद्दल भाडेकरू सांगेल ते खरं धरतात, मालकानं उलट सिद्ध करेपर्यंत. शिवाय मालकाला ३ महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हे मला कळलं तेव्हा पैसे गेले होते. तुम्हाला आज कळलंय.

पुढचं घर बघताना बायकोनं बादली भरली. मालकाच्या कपाळाला आठ्या. म्हणाला, 'लईच बारीक बघता तुम्ही.'

ती म्हणाली, 'राहायचंय आम्हाला.' आणि बादली ओतली.

जयभीम.