अंतर्वासी बुरशी आणि नद्यांचे ऋण



बुरशी हा शब्द उच्चारला की गृहिणीच्या डोळ्यांसमोर पावसाळ्यात लोणच्यावर धरलेला पांढरा थर येतो आणि शेतकऱ्याला गव्हावरचा तांबेरा आठवतो. दोघांच्याही लेखी ती शत्रूच. परंतु वनस्पतींच्या पोटात वर्षानुवर्षे मुकाट्याने राहणाऱ्या आणि आपल्या यजमानाला कोणताही रोग न करणाऱ्या बुरशीही असतात. शास्त्रज्ञ त्यांना 'एण्डोफाइट' म्हणतात. आपण त्यांना अंतर्वासी बुरशी म्हणू. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ आंतोन द बारी यांनी १८६६ साली हा शब्द रूढ केला. आजवर ज्या ज्या वनस्पतींची तपासणी झाली, त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकीत असे भाडेकरू आढळले आहेत.

हे भाडेकरू रिकामटेकडे नाहीत. १९९३ साली अमेरिकेत यू वृक्षाच्या सालीत राहणारी एक बुरशी कर्करोगावरील टॅक्सॉल हे औषध अल्प प्रमाणात स्वतः बनवते, असे दिसून आले. २०११ साली येल विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी इक्वेडोरच्या अरण्यातील वनस्पतींमधून मिळवलेल्या पेस्टालोशिऑप्सिस मायक्रोस्पोरा या बुरशीने पॉलियुरेथेन हे प्लास्टिक पचवून दाखवले, तेही प्राणवायूच्या अभावात. तेव्हापासून एक प्रश्न अधिक गांभीर्याने विचारला जाऊ लागला. जी बुरशी प्लास्टिक पचवते, तिला कारखान्यांचे सांडपाणी शुद्ध करण्याच्या कामी लावता येईल काय?

रंगाचा हट्ट

या प्रश्नामागील वेदना समजून घेण्यासाठी तामिळनाडूतील नोय्यल नदीकडे पाहावे लागते. पश्चिम घाटातील वेल्लिंगिरी डोंगरात उगम पावणारी ही नदी कोइम्बतूर आणि तिरुपूर ही औद्योगिक शहरे ओलांडून कावेरीला मिळते. तिरुपूर म्हणजे विणलेल्या सुती कपड्यांच्या निर्यातीची राजधानी. तेथील रंगाईच्या शेकडो कारखान्यांचे पाणी नोय्यलमध्ये जात राहिले. १९९२ साली खालच्या अंगाला ओरथुपाळयम येथे सिंचनासाठी धरण पूर्ण झाले, पण त्यात साठले ते रंगाचे आणि क्षाराचे पाणी. ज्यांच्या शेतीसाठी धरण बांधले, त्याच शेतकऱ्यांवर हे पाणी नको म्हणण्याची पाळी आली. अखेरीस जानेवारी २०११ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तेथील रंगाई कारखाने बंद करण्याचा आदेश दिला. त्यानंतर सांडपाण्याचा एक थेंबही बाहेर न सोडण्याची पद्धत अंगीकारतच हा उद्योग पुन्हा उभा राहिला.

कापडाच्या रंगांपैकी निम्म्याहून अधिक रंग 'ॲझो' कुळातील आहेत. नत्राच्या दोन अणूंमधील दुहेरी बंध ही त्यांची खूण. उन्हाने, साबणाने, घामाने हा रंग उडू नये अशीच त्याची घडण असते. कपड्यावर जो गुण, तोच नदीत अवगुण ठरतो. रंगाईच्या वेळी काही रंग धाग्याला न चिकटता पाण्याबरोबर वाहून जातो आणि नेहमीच्या शुद्धीकरण केंद्रातील जीवाणूंना तो सहजी पचत नाही. प्राणवायूविना जीवाणूंनी तो तोडलाच, तर त्यातून ॲरोमॅटिक अमाइन तयार होतात आणि त्यांतील काही कर्करोगकारक असतात. अशी अमाइन सोडणाऱ्या अनेक रंगांवर केंद्र शासनाने १९९७ साली बंदी घातली, ती याच कारणाने.

निसर्गाने दिलेले हत्यार

येथे अंतर्वासी बुरशीचे वैशिष्ट्य कामास येते. पान जिवंत असते तोवर ती शांत असते. पान गळून पडले की त्याच्या विघटनाला पहिला हात तिचाच लागतो, कारण ती आधीपासूनच घरात असते. लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन हे द्रव्य अत्यंत गुंतागुंतीचे आहे. त्याची रचना ठरावीक साच्याची नसल्याने ते फोडणारी विकरेही एकाच कुलपाला लागणाऱ्या किल्लीसारखी नसतात; अनेक कुलपांना चालणाऱ्या किल्लीसारखी असतात. लॅकेज हे त्यांतील प्रमुख विकर. १८८३ साली जपानच्या योशिदा यांनी लाखेच्या झाडाच्या चिकात त्याचा प्रथम शोध घेतला. तांब्याचे चार अणू धारण करणारे हे विकर हवेतील प्राणवायूच्या साहाय्याने पदार्थाचे ऑक्सिडीकरण करते आणि प्राणवायूचे पाण्यात रूपांतर होते. अनेक ॲझो रंगांची रचना लिग्निनच्या घटकांशी मिळतीजुळती असल्याने लॅकेज त्यांनाही फोडते. हा मार्ग ऑक्सिडीकरणाचा असल्याने घातक अमाइन निर्माण होण्याचा धोकाही कमी राहतो.

अशी बुरशी शोधण्याची रीत एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेलाही झेपण्यासारखी आहे. निरोगी पान स्वच्छ धुऊन अल्कोहोल आणि सोडियम हायपोक्लोराइटने त्याचा पृष्ठभाग निर्जंतुक करतात, म्हणजे बाहेरची बुरशी मरते आणि आतली तेवढी उरते. शेवटच्या धुण्याचे पाणी वेगळ्या बशीत टाकून तेथे काही उगवत नाही ना, याची खात्री करतात. मग पानाचे तुकडे पोषक अगारवर ठेवले की काही दिवसांत कडांमधून तंतू बाहेर येतात. हे तंतू रंग मिसळलेल्या अगारवर वाढवले असता, जी बुरशी रंग फोडू शकते तिच्याभोवती फिकट वलय उमटते.

भारतात या विद्येची परंपरा आहे. चेन्नईच्या रामकृष्ण मिशन विद्यापीठातील विवेकानंद उष्णकटिबंधीय बुरशीविज्ञान संस्थेत डॉ. टी. एस. सूर्यनारायणन यांनी पश्चिम घाटातील वनांमधील अंतर्वासी बुरशींचा दीर्घ अभ्यास केला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत राष्ट्रीय बुरशी संग्रह जतन केला आहे. गोव्यात दोनापावला येथील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत डॉ. चंद्रलता रघुकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लक्षद्वीपच्या सागरी गवताच्या कुजणाऱ्या पानांवरून मिळवलेल्या फ्लॅव्होडॉन फ्लॅव्हस या बुरशीने मळीच्या आसवनीतील सांडपाण्याचा गडद तपकिरी रंग कमी होतो, हे २००१ साली दाखवून दिले. २००६ साली खारफुटीच्या कुजक्या लाकडावरील एका बुरशीने कापड उद्योगाच्या सांडपाण्यावरही असेच काम केले. साखर कारखान्यांच्या महाराष्ट्राला या संशोधनाचे मोल वेगळे सांगायला नको. मळीमिश्रित पाणी नदीत शिरले की पाण्यातील प्राणवायू संपतो आणि मासे तडफडून मरतात, हे दृश्य नदीकाठच्या गावांना अपरिचित नाही.

मर्यादांचे भान

मात्र उत्साहाच्या भरात विवेक सुटता कामा नये. पहिली गोष्ट, प्रयोगशाळेतील बशी आणि कारखान्याचा नाला यांत मोठे अंतर आहे. बहुतेक बुरशींना किंचित आम्ल आणि कोमट पाणी मानवते, तर रंगाईचे पाणी गरम, अल्कधर्मी आणि खारट असते. उघड्या टाकीत जीवाणू बुरशीवर मात करतात. म्हणूनच बुरशी काथ्यावर किंवा उसाच्या चिपाडावर रुजवणे, नुसते विकर वापरणे, खाऱ्या पाण्याला सरावलेली सागरकिनारी बुरशी निवडणे, असे उपाय शोधले जात आहेत.

दुसरी गोष्ट, रंग गेला म्हणजे विष गेले असे नव्हे. पाणी नितळ दिसले तरी त्यात रंगाचे तुकडे उरलेले असू शकतात. म्हणून रंग फिका झाल्यावर ते पाणी बियाण्यावर आणि जलचरांवर तपासूनच निर्वाळा द्यावा लागतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट, बुरशी मीठ खात नाही. सुती कापडावर रंग बसवण्यासाठी भरपूर मीठ लागते आणि नोय्यलकाठची जमीन नासण्यात या क्षाराचा वाटा मोठा होता. ते काढण्यासाठी गाळणपटल आणि बाष्पीभवन यांना आज तरी पर्याय नाही. क्रोमियमसारखे जड धातू बुरशीच्या पेशीभित्तिकेला चिकटतात खरे, पण ते नष्ट होत नाहीत. ती धातूने भरलेली बुरशी स्वतःच घातक कचरा होते आणि तिची विल्हेवाट जबाबदारीनेच लावावी लागते.

याचा अर्थ असा, की अंतर्वासी बुरशी ही शुद्धीकरणाच्या साखळीतील एक कडी आहे. ती कडी मोलाची आहे, परंतु पूर्ण साखळी नव्हे. 'कोणीतरी बुरशी शोधली आहे, आता चिंता नको' असे म्हणून पाणी नदीत सोडणे ही आत्मवंचना ठरेल. सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली वेल्लोरच्या चर्मोद्योगांच्या प्रकरणात स्पष्ट केले, की प्रदूषण करणाऱ्यानेच त्याची किंमत मोजली पाहिजे. हे ऋण बुरशीच्या खात्यावर टाकता येत नाही.

तेव्हा प्रत्येकाच्या वाट्याला काही काम येते. उद्योजकाने रंगाचे गडद पाणी आणि धुण्याचे सौम्य पाणी पहिल्यापासून वेगळे ठेवावे, म्हणजे कोणताही उपचार स्वस्त आणि परिणामकारक होतो. विज्ञानाच्या विद्यार्थ्याने परदेशी नमुन्याची वाट न पाहता आपल्याच सह्याद्रीतील, आपल्याच खाडीतील वनस्पतींकडे वळावे, अर्थात २००२ च्या जैवविविधता कायद्याची चौकट पाळून. कुटुंबाने भडक रंगाचा स्वस्त कपडा विकत घेताना त्याची उरलेली किंमत कोणत्या नदीकाठचा शेतकरी भरतो आहे, हा विचार क्षणभर तरी मनात आणावा. आणि वनराई तोडताना ध्यानात ठेवावे, की झाडाबरोबर त्याच्या पानापानांत राहणारे, अद्याप नावही न मिळालेले असंख्य कामकरी जीवही नाहीसे होतात. त्यांतील एखादा उद्याच्या नदीला हवा असेल.