दोन प्लास्टिकांचे न जुळणे

चष्म्याच्या भिंगावर दिव्याचे प्रतिबिंब चमकते, हा नित्याचा अनुभव आहे. ती चमक म्हणजे डोळ्यांपर्यंत न पोहोचलेला प्रकाश होय. साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून शेकडा सुमारे ४ भाग प्रकाश परत फिरतो.

हवेचा वक्रीभवनांक १, काचेचा १.५. या दोहोंमध्ये सुमारे १.२२ अंकाचा, प्रकाशलहरीच्या चतुर्थांशाइतका पातळ थर दिला, तर ही हानी जवळजवळ टळते. परंतु इतक्या कमी अंकाचा भरीव पदार्थ हाती लागत नाही; मॅग्नेशियम फ्लोराइडचा अंकही १.३८ भरतो. मग थर सच्छिद्र का करू नये?

हे साधले १९९९ साली, जर्मनीतील कोन्स्टान्झ विद्यापीठात. वालहाइम, श्टायनर आणि त्यांचे सहकारी यांनी पॉलिस्टायरीन व पॉलिमिथाइल मेथाक्रिलेट ही दोन बहुवारिके एकाच द्रावकात विरघळविली आणि ते द्रावण गरगर फिरणाऱ्या काचेवर पसरले. बहुवारिकांचे रेणू म्हणजे लांबच लांब साखळ्या. लहान रेणूंप्रमाणे त्या सहज सरमिसळ होत नाहीत. द्रावक उडू लागला की त्या आपापल्या जातीच्या साखळ्यांपाशी गोळा होतात. जे बहुवारिक द्रावकाला अधिक धरून राहते ते मागाहून सुकते, आकसते व खोल बसते. दुसरे आधीच घट्ट होऊन उंच राहते. अशा रीतीने क्षणार्धात पृष्ठभागावर टेकड्या आणि दऱ्या उमटतात व तशाच थिजतात.

पुढची युक्ती सोपी होती. सायक्लोहेक्झेनमध्ये पॉलिस्टायरीन विरघळते, दुसरे विरघळत नाही. त्या द्रवाने थर धुताच पॉलिस्टायरीन निघून गेले आणि मागे जाळी उरली. तिची छिद्रे प्रकाशलहरीहून बारीक असल्यामुळे प्रकाशाला ती वेगळी जाणवत नाहीत. पदार्थ आणि पोकळी मिळून त्याला एकच विरळ माध्यम भासते, आणि परावर्तन ओसरते.

मात्र ही रचना थिजलेली आहे, स्थिरावलेली नव्हे. तापमान सुमारे १०० अंश सेल्सियसच्या बरेच वर गेले की साखळ्या पुन्हा हालू लागतात. न धुतलेल्या थरातील बारीक बेटे एकमेकांत मिसळून मोठी होतात. धुतलेल्या जाळीची छिद्रे मिटू लागतात. छिद्र मिटले की गुणही गेला. म्हणून अशा थराची परीक्षा केवळ तो कसा घडला यावर संपत नाही. तो घडला तसाच किती काळ टिकतो, यावरच त्याचे खरे मोल ठरते.