वारी का थांबली होती?

मंडळी, आषाढीला शेगावहून पंढरपूरला निघणारी गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यात कुणी पाहिली नाही? टाळ, मृदंग, पताका आणि शिस्तीत चालणारे शेकडो वारकरी! कोरोनाच्या साथीमुळे २०२० आणि २०२१ साली ही पायी वारी निघाली नाही. तेव्हा पुष्कळांनी विचारलं, “खोकणाऱ्याला घरी ठेवा. धडधाकट माणसानं का थांबायचं?” प्रश्न रास्त होता.

त्याचं उत्तर असं. कोरोनाचा विषाणू अंगात शिरला म्हणून माणूस लगेच आजारी पडत नाही. दोन दिवस जातात, कधी चौदाही जातात. पण ताप यायच्या एक-दोन दिवस आधीच त्याच्या श्वासातून विषाणू बाहेर पडू लागतात. कुणाकुणाला तर ताप येतच नाही. तो बोलतो, अभंग म्हणतो, आणि बारीक तुषारांबरोबर विषाणू हवेत जातात. मोकळ्या रस्त्यावर वारा त्यांना पांगवतो. रात्री बंद खोलीत पन्नास जण शेजारी-शेजारी निजले, की तीच हवा सगळ्यांच्या नाकात! म्हणजे चालण्यापेक्षा मुक्कामाचं भय जास्त.

हा विषाणू आहे तरी कसा? कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते आणि कावळी बिचारी ते उबवते. तसंच याचं. त्याला स्वतःची वाढ स्वतः करता येत नाही. तो आपल्या शरीरातल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्यासारखे असंख्य विषाणू घडवून घेतो.

पण शरीर काही स्वस्थ बसत नाही. सापडलेली पेशी शेजारणींना सावध करते. अंग तापतं. ताप हा शरीराचाच उपाय आहे. त्यानं पुष्कळ विषाणूंची वाढ मंदावते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी चालून जातात. आठ-पंधरा दिवसांत त्याच विषाणूसाठी प्रतिपिंडं तयार होतात. ती त्याला असं धरतात, की त्याला दुसऱ्या पेशीत शिरता येत नाही. शत्रू गेला तरी काही पेशी त्याची ओळख जपून ठेवतात.

आजार न होता ही ओळख करून देते ती लस. देवीची लस मुंबईत १८०२ साली एका तीन वर्षांच्या मुलीला टोचली. १९७७ साली भारत देवीमुक्त ठरला. कोरोनाचं तसं नाही. हा सोंगं बदलतो, आणि शरीराची ओळखही पुसट होत जाते. म्हणून लस घेतलेल्यालाही तो होतो. पण जिवावर बेतण्याची भीती पुष्कळ कमी होते.

आणखी एक. सर्दी-तापात “डॉक्टर, जोराची गोळी द्या” असा हट्ट आपण धरतो. जिवाणू मारणारी प्रतिजैविकं विषाणूवर चालत नाहीत. विश्रांती, पाणी, पातळ पेज यांनी बहुतेकांना उतार पडतो. मात्र धाप लागली, ओठ निळे पडले, किंवा पोर पाणीसुद्धा पिईना, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ क्रमांकावर फोन करा. रुग्णवाहिकेचे पैसे पडत नाहीत.