अंगावरचे दूध आणि पाळीचा भोंगा



युनियनच्या माणसाने पगार-बोनसवर बोलावे, तान्ह्या मुलांच्या दुधाशी त्याचा काय संबंध, असे आपल्यापैकी काहींना वाटले असेल. माझी शाळा सातवीला सुटली; पुढचे शिक्षण वाचनालयात झाले. तिथेच मला इंग्लंडातील हर्टफर्डशायर परगण्याच्या नोंदवह्यांची हकीकत वाचायला मिळाली.

१९११ साली मार्गारेट बर्नसाइड नावाच्या बाई तिथे आरोग्यसेविकांच्या प्रमुख झाल्या. मुलाचे जन्माचे वजन, वर्षाचे वजन, ते अंगावर पिते की बाटलीवर, हे सारे त्यांच्या सेविका घरोघर जाऊन टिपून ठेवीत. पुष्कळ वर्षांनी डॉ. डेव्हिड बार्कर यांनी त्या वह्या शोधून काढल्या आणि १९११ ते १९३० या काळात जन्मलेल्या ५,६५४ पुरुषांचे पुढे काय झाले ते पाहिले. वर्षाच्या वयाला ज्यांचे वजन सर्वांत कमी भरले होते, त्यांच्यात हृदयविकाराने मेलेल्यांचे प्रमाण सर्वांत अधिक निघाले. हे १९८९ साली प्रसिद्ध झाले.

मग अंगावरच्या दुधाने पुढे रक्तदाब आटोक्यात राहतो काय? इंग्लंडात अपुऱ्या दिवसांच्या मुलांवर प्रयोग झाला. ज्यांना दूधपेढीतले मातांचे दूध दिले, त्यांचा रक्तदाब तेरा ते सोळा वर्षांच्या वयात डब्याच्या दुधावरच्या मुलांपेक्षा कमी भरला. उलट बेलारूसमध्ये सतरा हजारांवर माता-मुलांची चाचणी झाली. तिथे स्तनपानाला उत्तेजन दिलेल्या गटातील मुलांचा रक्तदाब साडेअकराव्या वर्षी इतरांहून कमी आढळला नाही. अर्थात दोन्ही गटांतल्या मुलांना सुरुवातीला अंगावरचे दूध मिळालेच होते. हा निकाल मी मुद्दाम सांगतो, कारण फुगवलेली मागणी वाटाघाटीत पहिल्याच प्रश्नाला कोसळते. पण त्याच चाचणीत उत्तेजन दिलेल्या गटात जुलाबाचे आजार घटले. आणि सारखे जुलाब होणाऱ्या मुलाचे वजन वर्षाला काय भरणार?

आता आपल्याकडे पाहा. १९२८ साली मुंबई कायदेमंडळात डॉ. आंबेडकरांनी प्रसूतिलाभाच्या विधेयकाला पाठिंबा दिला, तो राष्ट्रहिताचा प्रश्न म्हणून. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला. पुढे १९६१ च्या कायद्याने मूल पंधरा महिन्यांचे होईपर्यंत रोज दूध पाजण्यासाठी दोन सुट्ट्या दिल्या. नव्या सामाजिक सुरक्षा संहितेतही त्या कायम आहेत. २०१७ पासून पहिल्या दोन मुलांसाठी सव्वीस आठवड्यांची भरपगारी रजा आहे, पन्नास माणसांच्या आस्थापनेला पाळणाघराची सक्तीही आहे.

हे सारे कागदावर! मी पाहिलेल्या एका कारखान्याच्या पाळणाघरात रिकामी खोकी रचलेली होती. कंत्राटदाराच्या बाया सहा आठवड्यांतच कामावर परततात, कारण रजेत त्यांची हजेरीच लागत नाही. मूल घरी सासूजवळ. इकडे यंत्रापाशी बाईचा पदर ओला होतो. दूध ओढले गेले नाही की पान्हा आटतो, आणि मग घरात पाणी घातलेले वरचे दूध सुरू होते. व्यवस्थापक मला म्हणाले, "बायांनीच सुट्टी मागितली नाही." सुट्टी मागणारीला मुकादम दुसऱ्या दिवशी गेटवरून परत पाठवतो, हे त्यांना ठाऊक नसावे!

म्हणून येत्या करारात आमचे पहिले कलम बोनसचे नाही. कंत्राटी बायांसह सर्वांना दोन सुट्ट्या, पाळणाघरापर्यंत जाण्यायेण्याचा वेळ कामातच धरलेला, आणि ती खोकी बाहेर. काही पुरुष सभासद कुरकुर करतात. त्यांच्याशी बोलणे चालू आहे.